आडवे शब्द आणि उभी बायको

सकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासात मी कुणाचाही नसतो. त्या वेळात दूधवाला आला तर पैसे ही देते, नळाचं पाणी जायला लागलं तर बादल्या ही भरते, आणि सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीच्या गळतीबद्दल बोलायला आले तर त्यांना दारातच ‘ते कोड्यात आहेत’ असं सांगण्यात येतं. ‘ते पूजेत आहेत’ हे ज्या सुरात सांगतात ना, अगदी त्याच सुरात. सेक्रेटरीसुद्धा चपला न काढताच परत जातात.

कोडं म्हणजे मराठी पेपरात येतं ते नव्हे. तेही चांगलंच असतं, पण त्यात ‘समुद्र, तीन अक्षरी’ असं सरळ विचारतात आणि आपण ‘सागर’ असं सरळ उत्तर देतो. दोन्ही पक्ष सज्जन. माझं कोडं इंग्रजी पेपरातलं, क्रिप्टिक जातीचं. त्यात विचारणारा सरळ नसतो आणि उत्तर देणाऱ्यानं सरळ राहून चालत नाही.

हे व्यसन मला लागलं १९७४ साली, डोंबिवलीहून व्हीटीला जाणाऱ्या लोकलमध्ये. आमच्या बँकेतले हेडक्लार्क त्या गर्दीत एका हातानं कडी आणि दुसऱ्या हातानं पेपर धरून उभे असायचे. पेपराची आठ पदरी घडी घालून फक्त कोडं वर येईल अशी त्यांची तयारी. पेन्सिल कानावर. ठाणं जाईपर्यंत त्यांनी मला पहिला धडा दिला. “हे बघ, इथे ‘फ्लॉवर’ लिहिलंय. फ्लॉवर म्हणजे काय?” मी म्हटलं, “फूल.” ते म्हणाले, “चूक. फ्लो म्हणजे वाहणं. वाहते ती फ्लॉवर. म्हणजे नदी.” शेजारी उभा असलेला एक गृहस्थ, काही संबंध नसताना, “वा!” म्हणाला. मी त्याच क्षणी बाटलो. इंग्रजांनी दीडशे वर्षं आपल्यावर राज्य कसं केलं असेल, त्याचाही थोडा उलगडा झाला.

पुढे एकेक मंत्र मिळत गेला. ‘डक’ म्हणजे बदक नव्हे, शून्य. कारण क्रिकेटमध्ये भोपळा फोडता आला नाही की त्याला डक म्हणतात. ‘वर्कर’ म्हणजे कामगार नव्हे, मुंगी. ‘मेडन’ म्हणजे कुमारिका नव्हे, नुसतं ‘एम’ हे अक्षर. कारण धावफलकाच्या वहीत मेडन ओव्हरपुढे एम लिहितात. (आपल्या मराठी समालोचकांनी त्याला ‘निर्धाव षटक’ म्हणून त्या कुमारिकेची केव्हाच सुटका केली. इंग्रजांच्या कोड्यात ती अजून अडकलेली आहे.) ‘इट’ म्हणजे ‘ते’ नव्हे, तर सेक्स अपील. १९२७ साली क्लॅरा बो या नटीचा ‘इट’ नावाचाच चित्रपट आला होता, तेव्हापासून हे चालू आहे. आणि ‘डेली’ म्हणजे रोज कामाला येणारी बाई. या अर्थाची डेली आमच्या घरात अजून कुणी आलेली नाही. आमच्याकडे येते ती ‘इंटरमिटंट’.

या खेळाला नियम आहेत, आणि ते कडक आहेत. ‘अॅफ्रिट’ या टोपणनावानं कोडी घालणाऱ्या एका इंग्रज गृहस्थानं १९४९ साली ते तत्त्व मांडून ठेवलं. कोडं घालणाऱ्यानं वाचणाऱ्याची दिशाभूल खुशाल करावी. त्याच्या मनात असतं ते वाक्यात दिसलंच पाहिजे असं नाही. पण वाक्यातल्या शब्दांनी मात्र, नीट तपासले तर, बरोबर तेच सांगितलं पाहिजे. फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही. हे तत्त्व मी तरुणपणी वाचलं असतं तर बँकेऐवजी वकिलीत गेलो असतो.

तर असा चाळीसहून अधिक वर्षांचा माझा अभ्यास. आणि तो ज्या दिवशी उताणा पडला, त्या दिवसाची ही गोष्ट.

रविवार होता. लेक आणि जावई आले होते. लेक सर्जन आहे. लोकांची पोटं उघडते आणि शिवते. जावई विमा कंपनीत आहेत, स्वभावानं गरीब, आणि मटार सोलण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या दोन्ही कुळांत कुणी नाही. लेकीला हॉस्पिटलमधून फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली होती. जावई माझ्यासमोर सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन मटार सोलत होते. ही ओट्याशी उभी. आणि मी एका क्लूवर अडलेला.

क्लू साधा दिसत होता. ‘सर्जनचा जोडीदार’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द आणि कंसात सातचा आकडा. सात अक्षरं. उभ्या शब्दांतून मिळालेली अक्षरं अशी: पहिलं एच, तिसरं एस, पाचवं ए, शेवटचं डी. मी वाइफपासून सुरुवात केली. ती चारच अक्षरी. लेडी, मिसेस, मेट्रन, नर्स, सगळ्या येऊन गेल्या. मग मला वाटलं, इथे काही तरी गहन आहे. एच आणि एस, म्हणजे ‘हॉस्पि’पासून काही तरी असणार. सर्जन म्हणजे सुरी, सुरी म्हणजे पातं, पात्याचा जोडीदार म्हणजे मूठ! ‘हँडल’? सहा अक्षरी. मी जुना कोश काढला. चहा निवला.

माझी एक सवय सांगायला हवी. क्लू मोठ्यानं वाचल्याशिवाय मला सुचत नाही. त्यामुळे गेली चाळीस वर्षं आमच्या स्वयंपाकघराला माझं कोडं ऐकू जात आलेलं आहे. तसा मी तोही क्लू चार-पाचदा वाचला. ओट्याकडून, फोडणीत मोहरी टाकता टाकता, आवाज आला, “हजबंड.”

मी म्हटलं, “काय?”

“हजबंड. तुमच्या समोर बसलेत की.”

जावई दचकले. एक मटार उडून टीव्हीखाली गेला.

एच, यू, एस, बी, ए, एन, डी. बसलं. न बसायला काय झालं होतं? माझी स्वतःची मुलगी सर्जन. तिच्या शिक्षणाचे हप्ते मी भरलेले. तिचा जोडीदार माझ्यापासून तीन फुटांवर. आणि मी मूठ शोधत होतो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही असं म्हणणार होतो. पण मटारउसळ होती. मात्र डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. नदीला फूल समजू नये हे मला कळतं, कुमारिकेला कुमारिका समजू नये हे कळतं. पहिल्या अर्थावर विश्वास ठेवायचा नाही, हा तर या खेळाचा श्रीगणेशा. मग ‘सर्जन’ या शब्दावर माझा इतका भाबडा विश्वास कसा बसला?

मी उलटतपासणी केली आणि एक मजेची गोष्ट सापडली. इंग्रजीत डॉक्टर ‘केम’. तो की ती, काही पत्ता नाही; इंग्रजी क्रियापदाला लुगडं की धोतर याची चौकशीच नसते. पण मी मुळातला डोंबिवलीचा. मी इंग्रजी वाचतो, आणि मनात मराठी करतो. मराठीत डॉक्टर ‘आले’ तरी म्हणावं लागतं, नाहीतर ‘आल्या’ तरी. मधली वाट नाही. आपली भाषा दारातच विचारते, बाई की बुवा? आणि गेली चाळीस वर्षं, एकदाही न विचारता, मी ‘आले’ म्हणत आलो होतो. कोडं घालणाऱ्यानं लबाडी काहीच केली नव्हती. त्यानं एक शब्द फक्त कोरा ठेवला होता. त्यावर मिश्या मी काढल्या.

मग मी जुन्या वह्या काढल्या. (उत्तरं आणि चांगले क्लू मी वहीत उतरवून ठेवतो. पेन्शनरांना वह्या लागतात.) आणि ‘बाई’ एवढाच विषय घेऊन त्या वाचल्या. वाचता वाचता मी ओशाळलो.

इंग्रजी कोड्यातली बाई ही मुख्यतः शेपटाला असते. कारण ‘हर’, म्हणजे आपलं ‘तिला’. एच, ई, आर. इंग्रजी भाषेतले कितीतरी शब्द या तीन अक्षरांवर संपतात, म्हणून कोडं घालणाऱ्याला ती सदैव हाताशी हवी असते. नमुना म्हणून असा एक क्लू घ्या: ‘लठ्ठ बाई म्हणजे धर्मगुरू, सहा अक्षरी.’ लठ्ठ म्हणजे फॅट. बाई म्हणजे हर. जोडा. फादर! एका पाद्रीबुवाला चौकटीत बसवायचं म्हणून एका बाईला लठ्ठ व्हावं लागलं. ‘तिच्यासाठी धापा टाकतो, तो हिंस्र पशू’ म्हणजे पँट अधिक हर, अर्थात पँथर. शब्द बसवायची गरज एका मिनिटाची, पण तेवढ्यासाठी कुणाला लठ्ठ करतात, कुणामागे धापा टाकतात, कुणाला ‘जुनी ज्वाला’ म्हणून सोडून देतात. वाचणाराही गालात हसतो. मीही हसलो होतो. एका क्लूपुढे मी वहीत ‘झकास!!’ असं लिहिलेलं सापडलं, दोन उद्गारचिन्हांसकट. तो क्लू इथे देण्यासारखा नाही.

आता कुणी म्हणेल, अहो, हा खेळ आहे. त्यातली बाई खरी नाही आणि धर्मगुरूही खरा नाही. मान्य. मीही हीला हेच सांगितलं. तांत्रिक अडचणही सांगितली, की इंग्रजी बायकांची नावं आखूड असतात आणि स्वरांनी भरलेली असतात: एडा, आयडा, ऊना, ईव्हा. चौकटीच्या कोपऱ्यात दुसरं काही बसत नाही तिथे ती बसतात. म्हणून क्लूमध्ये ‘गर्ल’ असं म्हणायचं आणि उत्तरात एडा भरायची.

ही म्हणाली, “आणि पुरुषांची नावं आली तर काय म्हणतात?”

मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागलो. ‘ली’ आला तर सेनापती, कारण अमेरिकेच्या यादवी युद्धातला जनरल ली. ‘पोप’ आला तर कवी. ‘आर्न’ आला तर संगीतकार. ‘बायरन’ आला तर...

आणि मी थांबलो. मला दिसलं ते हिला आधीच दिसलं होतं, पण ती काही बोलली नाही. कोथिंबीर निवडत राहिली.

पुरुषाचं आडनाव येतं, आणि त्याच्यापुढे त्याचं काम. बाईचं नुसतं नाव येतं, आणि त्याच्यापुढे तिचं वय. तेसुद्धा चुकीचं, कारण साठीची असली तरी ‘गर्ल’च.

आता एडाच घ्या. (मुंबईकरांनी गैरसमज करून घेऊ नये, इंग्रजीत हे मुलीचं नाव आहे.) कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस. चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावर तिनं १८४३ साली अशा टिपा लिहिल्या, की आजचे संगणकवाले तिला आपल्या आद्य पूर्वजांत गणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं तर आपल्या एका संगणकभाषेला तिचं नाव दिलं. बाप कोड्यात येतो तेव्हा ‘कवी’ म्हणून येतो. मुलगी येते तेव्हा ‘एक मुलगी’ म्हणून. माझ्या वह्यांत एडा एकतीस वेळा आली होती. मी मोजलं. एकतीसही वेळा मी क्षणात ओळखलं होतं, आणि क्षणात ओळखतो याचा मला अभिमान होता.

हा अभिमानच मला बोचायला लागला. कोडं सोडवणाऱ्याचं कसब म्हणजे काय? ‘गर्ल’ म्हटल्याबरोबर एडा, ‘नर्स’ म्हटल्याबरोबर एस.आर.एन., विचार न करता बोटातून उतरलं पाहिजे. रामरक्षा पाठ होते तसं. सगळ्या शब्दांवर संशय घ्यायला मी शिकलो, आणि ज्या शब्दांवर संशय घेतला नाही तेवढे हाडीमाशी मुरले. त्यात ही मंडळी होती. कोड्यातली बाई खरी नसेल, पण रोज सकाळी अर्धा तास, चाळीस वर्षं, हा सराव खरा होता.

तशी माझ्या मनात कोडं घालणाऱ्याचीही एक मूर्ती होती. टक्कल, वेस्टकोट, तोंडात पाइप. आपल्याकडेही एक थोर उदाहरण आहे. ‘द हिंदू’ला १९७१ पासून स्वतःचं कोडं घालून देणारे पहिले गृहस्थ म्हणजे निवृत्त अॅडमिरल कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. (आम्ही बँकेतून निवृत्त झालो तर हयातीचा दाखला वेळेवर देता येत नाही.) लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोजच्या कोड्याखाली नाव छापत नाहीत. त्यामुळे तिथे तर मी पाइप गृहीतच धरला होता. पुढे समजलं की तिथे वर्षानुवर्षं कोडी घालणाऱ्यांत जॉइस कॅन्सफील्ड नावाच्या बाई होत्या, आणि १९८० साली त्या ब्रिटनमधली स्क्रॅबलची राष्ट्रीय स्पर्धाही जिंकल्या होत्या. ‘गार्डियन’मध्ये ‘अॅरॅक्नी’ या नावानं कोडी घालतात त्या सेरा हेज. अॅरॅक्नी म्हणजे ग्रीक पुराणातली ती विणकरीण, जिनं देवीपेक्षा सुंदर वस्त्र विणण्याचा आगाऊपणा केला आणि शिक्षा म्हणून कोळी झाली. तिच्या जाळ्यात मी अनेकदा सापडलो असेन, पण आत कोळी आहे की कोळीण, हे बघण्याचं मला सुचलं नव्हतं.

आणि एक गोष्ट वाचली ती मात्र जिव्हारी लागली. क्रिप्टिक कोड्यांचा आद्य पुरुष मानतात तो ‘टॉर्केमादा’. स्पेनच्या छळवादी धर्मगुरूचं नाव घेऊन १९२६ पासून हा ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लोकांना छळत असे. खरं नाव एडवर्ड पॉइस मॅदर्स. तर हा गृहस्थ शब्द निवडायचा, क्लू लिहायचा. पण ते शब्द एकमेकांत अडकवून चौकटीत बसवण्याचं काम त्याची बायको करायची. कोड्याखाली नाव मात्र टॉर्केमादाचं.

हे वाचून मी पेपर खाली ठेवला आणि कपाटाकडे बघितलं.

कपाटात वरच्या खणात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. १९८६ साली एका वर्तमानपत्राच्या कोडेस्पर्धेत मला बक्षीस मिळालेला. त्या आठवड्यात माझं नाव छापून आलं होतं, बँकेत मी पेढे वाटले होते, आणि हेडक्लार्क मला म्हणाले होते, “शिष्यानं गुरूला मागे टाकलं.” त्या कोड्यातले शेवटचे चार शब्द हिनं सांगितले होते. दोन पोळ्या लाटताना, एक वेणी घालताना, आणि एक, मला चांगलं आठवतं, लेकीला गोवर आला होता तेव्हा तिच्या उशाशी बसून. मी दर वेळी म्हणालो होतो, “हं, बसतंय.” चाळीस वर्षांत तिच्या उत्तरांची माझ्याकडून झालेली ही एकमेव वाहवा. “हं, बसतंय.” जणू शब्द माझ्याच खिशात होता, तिनं फक्त तो खाली पडलेला उचलून दिला.

पापक्षालन म्हणून मी ठरवलं की यंदाच्या सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत मराठी क्रिप्टिक कोडं घालायचं. नवं, निर्मळ, कुणाला न दुखावणारं. दोन दिवस बसलो. वीस क्लू झाले. ‘दिराची बायको म्हणते, निघू या.’ जाऊ! ‘आई आणि मी मिळून मामाच्या घरात.’ मामी! ‘आईकडे गुप्तहेर, सासुरवाशिणीची आवडती जागा.’ मा अधिक हेर, माहेर! ‘रमा उलटली की बसतो.’ मार! मी स्वतःवर इतका खूश झालो की कागद घेऊन थेट ओट्याशी गेलो.

हिनं चष्मा लावला. शांतपणे सगळं वाचलं. म्हणाली, “वीसांत चौदा बायका आहेत. दोन भांडतात, एक पळून जाते, तीन जाड आहेत आणि रमा मारते. पुरुष सहा. राजा, सेनापती, कवी, वैद्य, गोलंदाज आणि मारुती.”

मी म्हटलं, “अगं, मराठीत नात्याचे शब्दच बायकांचे जास्त. आणि ते तुटतातही छान.”

“तुटायचेच,” ही म्हणाली. ही तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवत होती. “तुमच्या इंग्रजांना तरी का नावं ठेवा? संस्कृतात बायकोला असलेले हे तीन शब्द बघा. भार्या, स्त्रीलिंगी, अर्थ, पोसायची ती. कलत्र, नपुंसकलिंगी. आणि दारा, तो तर पुल्लिंगी, आणि चालतो बहुवचनात. बायको एक, पण शब्द पुल्लिंगी आणि अनेकवचनी. दर वर्षी आठवीच्या मुली विचारायच्या, बाई, असं का? मी सांगायची, पाठ करा, परीक्षेला येतं.” मग पेन्सिल उचलून म्हणाली, “आणि हा क्लू चूक आहे. ‘बोहल्यावर उभी, पण पोटात खून.’ वधूत वध आहे म्हणता, पण मराठी चौकटीत ‘धू’ हे वेगळं अक्षर आणि ‘ध’ वेगळं. तुमच्या त्या अॅफ्रिटला चाललं नसतं.”

मी तो क्लू खोडला. ही म्हणाली, “मी एक घालू? ‘उलटला की लंकेत जातो, तीन अक्षरी.’”

मी विचार केला. “नवरा! पण तो उलटून ‘रावन’ होतो. ‘ण’ नाही, ‘न’ आहे. नियमात बसत नाही.”

“नियमात बसत नाही,” ही म्हणाली, “पण ओळखलंत तर पटकन.”

तेवढ्यात तिनं दुसरा लिहून कागद माझ्याकडे सरकवला. ‘लग्नात आला, तो कधी खाली उतरलाच नाही, दोन अक्षरी.’ मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. साडेसातचे आठ झाले. वर! नवरदेव तो वर, आणि खाली नाही तो वर. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही, एकही शब्द खोटा नाही. चाळीस वर्षांत इतका स्वच्छ क्लू माझ्या वाचनात आला नव्हता, आणि आल्यावर हसू का येत नाही ते मला कळेना.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, “कोड्यांतून बायका काढूनच टाकाव्यात असं माझं मत होत चाललंय.” ती म्हणाली, “बाबा, काढू नका हो. एवढी वर्षं उभ्या आहेत बिचाऱ्या, आता कुठे जातील? नावापुढे काम लिहा म्हणजे झालं.” मग कुणाचं तरी अपेंडिक्स आलं म्हणून तिनं फोन ठेवला.

स्मरणिकेत कोडं गेलं. रमा आता उलटत नाही. लता उलटते आणि ताल धरते. वैद्य ‘आल्या’. गोलंदाजही मुलगी झाली, आणि तिनं पहिलंच षटक निर्धाव टाकलं. पोरांना कोडं जमलं नाही, मोठ्यांनी उत्तरं फोनवर विचारली. माझ्या नावापुढे मी हिचंही नाव घालायला सांगितलं होतं, पण सेक्रेटरींनी ‘सौ. व श्री.’ असं छापलं. त्यांच्या मते तो सन्मान होता.

परवा मी कपाटातला तो शब्दकोश काढला. पहिल्या पानावर माझं नाव आहे, ठसठशीत, लफ्फेदार सहीसकट. म्हटलं, शेजारी हिचं नाव लिहून टाकू. पेन उघडलं आणि हात थांबला. कुठलं नाव लिहायचं? मी लिहिणार होतो ते नाव मीच ठेवलेलं. आमच्या लग्नात, ताटात पसरलेल्या तांदळावर, सोन्याच्या अंगठीनं, भटजी सांगतील तसं, तीन अक्षरं. तेव्हा हिला कुणी विचारलं नव्हतं. हिच्या माहेरचं नाव दोनच अक्षरी होतं. ते घेऊन हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. हिचे भाऊ होते तोवर ते यायचं कानावर.

मी पेन तसंच धरून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. विचारलं, “अगं, तुझं नाव कुठलं लिहू?”

ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग पेनाकडे, मग त्या शब्दकोशाकडे.

“आधी कुकर बंद करा,” ती म्हणाली. “तीन शिट्ट्या झाल्यात. माझे हात कणकेचे आहेत. मग सांगते.”